खांदा बैलाचा, दुखणं जुवाचं

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे खांदेमळणी असते. बैल धुऊन-पुसून गोठ्यात उभे करायचे, वाटीत लोणी नि हळद कालवायची आणि वर्षभर जू वाहिलेल्या मानेला ती हाताने चोळायची. गिरणाकाठच्या आमच्या गावात हे मी लहानपणापासून बघत आलोय. एका वर्षी मात्र वडिलांनी हात ठेवताच डावीकडचा बैल सगळी कातडी थरथरवत दोन पावलं मागे सरकला. खुंट्याचं दावं ताणलं गेलं. वडिलांनी पुन्हा अंगठा टेकवला, तर त्याने शिंग फिरवलं. शेजारचे आबा ओट्यावरून बघत होते. म्हणाले, "खांदा सुजना रे भो. चार दिनमा बरं व्हई जाई."

चार दिवसांत बरं झालं नाही. दीड महिना गेला. त्या दीड महिन्यात आम्ही जे काही केलं त्यातलं निम्मं चुकीचं होतं, हे पुढे कळलं.

पोळा जवळ आला की दरवर्षी मोबाइलवर खांदा सोललेल्या बैलाचा एखादा फोटो फिरतो. शहरातला माणूस खाली लिहितो, 'हा अत्याचार आहे.' गावाकडचा चिडून विचारतो, 'तुम्ही कधी बैल सांभाळलाय का?' भांडण रंगतं, पण ती जखम नेमकी होते कशी, टळते कशी आणि झालीच तर काय करायचं, हे त्या गदारोळात कोणीच सांगत नाही. म्हणून हा लेख.

आधी चार शब्द

बैलाचा खांदा म्हणजे पुढच्या पायावरचं हाड नव्हे. वशिंडाच्या पुढे, मानेच्या वरच्या अंगाला जिथे जू टेकतं, ती वीत-दीड वीत जागा म्हणजे खांदा. जू म्हणजे दोन्ही बैलांच्या मानेवर आडवं ठेवायचं लाकूड. मान बाजूला निसटू नये म्हणून त्याच्या भोकांतून ज्या उभ्या खुंट्या खाली सोडतात त्या शिवळा, आणि शिवळांना अडकवलेला गळ्याखालचा पट्टा म्हणजे सापती. या जागेची कातडी दाबाने किंवा घासण्याने दुखावली, सुजली, फुटली की पशुवैद्यक तिला खांदेसूज म्हणतात. सूज जुनी होऊन टणक गाठ बसली की गावात तिला आवाळू म्हणतात.

बैल जू 'ओढतो' असं आपण म्हणतो, पण खरं तर तो जू ढकलतो. तो पुढे झेपावतो, जू वशिंडाच्या पुढच्या उतारावर नि मानेच्या वरच्या भागावर मागे दाबलं जातं, आणि तिथून ओढ वखराला किंवा गाडीला जाते. आपल्या बैलाला वशिंड आहे म्हणून एवढं साधं आडवं लाकूड चालून जातं. युरोपातल्या बिनवशिंडाच्या बैलांना काही भागांत जू शिंगांना बांधायचे, काही ठिकाणी गळ्याभोवती गादीदार पट्टा असायचा. घोड्याची ओढ तर छातीवर नि खांद्यावर येते. प्रत्येकाच्या अंगाला सोसेल असं साधन वेगळं. आपल्या जुवात काही वाईट नाही, मात्र ते मानेला बसलेलं असायला हवं.

चुंबळीचं गणित

नळ यायच्या आधी विहिरीवरून हंडे वाहणाऱ्या बाया डोक्यावर चुंबळ ठेवायच्या. हंड्याचं वजन चुंबळीने कमी होत नाही, उलट छटाकभर वाढतं. तरी तिच्याशिवाय हंडा डोक्यावर टिकत नाही, कारण हंड्याचा बूड दोन बोटं जागेवर टोचतो आणि चुंबळ तेच वजन सगळ्या टाळूवर पसरवते. वजन तेवढंच, जागा मोठी, म्हणून दाब कमी. खांदेसुजीचं अर्धं शास्त्र एवढंच.

आता आकड्यात बघू. तब्येतीने बरा असलेला बैल आपल्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढी ओढ दिवसभर देऊ शकतो. ४०० किलोचा बैल धरला तर ओढ झाली ४० किलो. जू मानेला नीट बसलेलं नाही, फक्त चार आगपेट्या मावतील एवढ्याच जागेवर टेकतंय असं समजा. आगपेटीची एक बाजू साधारण १७ ते १८ चौरस सेंटीमीटर, म्हणजे चार मिळून ७०. दर चौरस सेंटीमीटरवर ५७० ग्रॅम दाब आला. तेच जू घडवून त्याच्या चौपट जागेवर टेकवलं तर दाब १४३ ग्रॅमवर उतरतो. बैल तोच, वखर तोच, काम तेवढंच.

या ५७० ग्रॅमचं कातडीला काय होतं? कातडीला रक्त पुरवणाऱ्या सगळ्यात बारीक नळ्या, म्हणजे केशवाहिन्या, फार थोड्या दाबाने मिटतात. माणसाच्या बाबतीत हा दाब सुमारे ३२ मिलिमीटर पारा धरतात. आपल्या मापात तो दर चौरस सेंटीमीटरला ४३ ग्रॅमच्या आसपास येतो. बैलाची कातडी जाड आहे हे खरं, पण तिच्याखालच्या नळ्या काही लोखंडी नाहीत. बेढब जू त्या दाबाच्या सुमारे तेरा पट भार टाकतं. रक्त थांबलं की खालचं मांस गुदमरतं, आणि दाब उठल्यावर तिथे पाणी उतरून सूज येते. म्हणूनच सूज बहुधा जू काढल्यावर लगेच दिसत नाही, रात्रीतून वर येते. सकाळी शेण काढताना सालदाराला आधी दिसते, मालकाला नंतर.

इथे कोणी विचारेल की घडवलेल्या जुवाचा १४३ ग्रॅम दाबही ४३ पेक्षा तिपटीने जास्त आहे, मग सगळ्याच बैलांचे खांदे का येत नाहीत, म्हणजे सुजत का नाहीत? प्रश्न बरोबर आहे. उत्तर वेळेत आहे. दाब किती, याच्याइतकंच तो किती वेळ सलग राहतो याला महत्त्व. बैल पाऊल टाकतो तसा दाब हलतो, ढिला पडतो. बांधावर औत वळवताना तर क्षणभर पूर्ण उठतो, आणि तेवढ्यात रक्त परत वाहतं. जुने लोक तासाच्या, म्हणजे औताच्या रेघेच्या, टोकाला पोचल्यावर औत उभं करून तंबाखू मळत. ती सवय आरोग्याला चांगली की वाईट यावर दोन मतं होतील, पण बैलाच्या आरोग्याला उत्तम होती.

घासणं, घाम आणि मृगाचा पाऊस

दुसरं निम्मं शास्त्र घासण्याचं. नवी चप्पल पहिल्या दिवशी टाचेला फोड आणते, तिथे दाब फार नसतो, रगड असते. सैल शिवळांत जू डावी-उजवीकडे सरकतं आणि तीच रगड मानेवर लागते. जुवाच्या पोटात उठलेली गाठ, तडा, वर आलेलं खिळ्याचं डोकं, सापतीच्या दोरीचा पीळ, यातलं काहीही पुरतं.

ओली कातडी कोरड्या कातडीपेक्षा फार लवकर सोलते. घाम आणि त्यातलं मीठ हे एक, आणि पाऊस हे दुसरं. आपल्याकडे खांदे येतात ते नेमके मृग ते पोळा या काळात, याचं मला तरी आता नवल वाटत नाही. कापसाच्या पऱ्हाट्या निघाल्या की बैल मोकळा होतो. नांगरटी हल्ली ट्रॅक्टरने होतात. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली तरी बैल गोठ्यातच. तीन-चार महिने जू लागलेलं नाही, मान कोवळी पडलेली, आणि एक पाऊस पडला की सकाळी सहापासून पेरणी, पाठोपाठ कोळपणी. जो माणूस चार महिने खुर्चीत बसलाय त्याला एकदम पोती उचलायला लावली तर त्याच्या पाठीचं जे होईल तेच इथे मानेचं होतं.

उपाय फुकट आहे, म्हणूनच बहुधा कोणी करत नाही. पेरणीच्या पंधरा-वीस दिवस आधीपासून बैल रोज जुंपायचा. पहिले दोन-तीन दिवस नुसतं जू ठेवून अर्धा तास फिरवायचा, मग रिकामी गाडी, मग हलकं काम. कातडीला तयार व्हायला वेळ मिळतो. काम संपलं की मान साध्या पाण्याने धुऊन घाम काढायचा, पुसायची आणि रोज, अगदी रोज, अंगठ्याने दाबून बघायची.

सुताराने गेरू लावला

आमच्या बैलाकडे परत येतो. दोन वेळा सूज उतरली आणि दोन्ही वेळा जुंपल्यावर आठवड्याच्या आत परत आली. शेवटी गावच्या म्हाताऱ्या सुताराला वडिलांनी जू दाखवायला नेलं. त्याने जुवाकडे फारसं बघितलंच नाही. म्हणाला, बैल घेऊन या.

त्याने वाटीत गेरू कालवला, जुवाच्या पोटाला, म्हणजे मानेवर टेकणाऱ्या खालच्या बाजूला फासला, जू बैलांच्या मानेवर ठेवून दोघांना वीस-पंचवीस पावलं चालवलं आणि उचललं. उजव्या बैलाच्या मानेवर तळहाताएवढा तांबडा पट्टा उमटला होता. डाव्याच्या मानेवर दोन बोटं रुंदीच्या दोनच रेघा होत्या. बरोबर जिथे सूज होती तिथेच. जुवाच्या त्या बाजूचं पोट मधे जास्त खोल आणि कडांना उभं होतं, त्यामुळे सगळा भार दोन कडांवर येत होता. सुताराने वाकसाने कडा उतरवल्या, मग बाटलीच्या काचेच्या तुकड्याने घासून लाकूड गुळगुळीत केलं, पुन्हा गेरू, पुन्हा चालवणं. चौथ्या खेपेला डावीकडेही सलग पट्टा उमटला. दीड-दोन तासांचं काम. दीड महिन्यात औषधांवर जे घातलं त्याच्या पासंगालाही मजुरी लागली नाही.

तो जाता जाता आणखी एक बोलला. जोडी सारखी नाही. उजवा बैल चार बोटं उंच होता. जू तिरकं राहतं आणि ठेंगण्याकडे उतरतं. त्यावर त्याचा तोडगा म्हणजे उंच बैलाच्या बाजूचं पोट थोडं जास्त कोरणं. पण असा तोडगा थोड्याच फरकाला चालतो. वरखेडीच्या किंवा सावद्याच्या बाजारात गोऱ्हा घेताना आपण दात बघतो, पाय बघतो, शिंगं बघतो. घरच्या बैलाच्या वशिंडाची उंची काठीवर खूण करून सोबत नेणारा शेतकरी मी अजून एकच पाहिलाय.

जुवाशिवाय बघायच्या गोष्टी दोन. पहिली, औताची दांडी. ती आखूड असली की ओढीची रेघ जास्त उभी होते आणि जू मानेवर खाली दाबलं जातं. दांडी लांब असेल तर ओढ आडवी होते, मानेवरचा दाब हलका होतो. दुसरी, गाडीतला भार. दोन चाकांची गाडी म्हणजे तराजू. माल पुढे भरला तर सगळं वजन मानेवर येतं. मागे भरला तर गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि सापती गळा आवळते. भरल्यावर धुरा, म्हणजे गाडीची पुढची दांडी, हाताने उचलून बघावा. एका माणसाला थोड्या जोराने उचलता आला, तर भार बरोबर बसलाय.

"गोधडी गुंडाळली की झालं ना?"

पहिली शंका हीच येते, आणि आम्हीही हेच केलं होतं. जुन्या गोधडीचा तुकडा जुवाला सुतळीने बांधला. दोन दिवस बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी घामाने आणि पावसाने ती चिंध्यांची लगदी झाली, तिला सुरकुती पडली, आणि सुतळीची गाठ बरोबर सुजेवर आली. चुंबळ चुरगळली तर डोकं दुखायचं राहत नाही, उलट जास्त दुखतं. गादी लावायचीच असेल तर ती पाणी न पिणारी, सपाट, सुरकुती न पडणारी हवी आणि शिवण किंवा गाठ वरच्या बाजूला. ट्यूबच्या रबराखाली जाड फोम घालून काही जण करतात, ते गोधडीपेक्षा बरं. रोज धुऊन वाळवायचं मात्र चुकत नाही. आणि मुळात जू वेडंवाकडं असेल तर वरून गादी लावणं म्हणजे चपलेतला खडा तसाच ठेवून मोजा चढवणं.

घोड्याच्या खोगिराचंही हेच. खोगीरभरती हा शब्द आपण बिनकामाच्या गोष्टीला वापरतो, पण त्या भरतीवरच घोड्याची पाठ सुरक्षित असते. ती एका जागी गोळा झाली की पाठ लागलीच म्हणून समजा. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा बघताना जाणकार माणूस खोगीर उचलून पाठीवर नि तंगाखाली पांढरे केस शोधतो. जुनी जखम भरल्यावर तिथे बऱ्याचदा पांढरे केस उगवतात, आणि घोडा काही बोलला नाही तरी ते बोलतात.

"खांद्याला घट्टे पडायलाच हवेत"

यात अर्धं तथ्य आहे. हळूहळू कामाला लावलेल्या बैलाची कातडी थोडी जाड होते, ते चांगलंच. पण ती कातडी लवचिक असते, चिमटीत धरली तर हलते, दाबली तर दुखत नाही. ज्याला आपण कौतुकाने घट्टा म्हणतो तो पुष्कळदा आवाळू असतो, म्हणजे वारंवार सुजून आत तंतूंची गाठ बसलेली, खालच्या मांसाला चिकटलेली. ती स्वतःच उंचवटा झाल्यामुळे जुवाचा सगळा भार आता तिच्यावरच येतो. गाठीने दाब वाढतो आणि दाबाने गाठ. एकदा हे चक्र सुरू झालं की नुसत्या लेपांनी थांबत नाही.

सूज दिसली, आता काय?

पहिलं औषध म्हणजे जू उतरवणं. बाकी सगळं त्यानंतर. ज्या जखमेवर रोज तोच घाव बसतोय तिला मलम लावणं म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणं.

सूज ताजी असेल, जागा गरम लागत असेल, कातडी फुटलेली नसेल, तर पहिले एक-दोन दिवस गार पाणी. फडकं भिजवून पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. गारव्याने नळ्या आखडतात, आत पाणी कमी उतरतं. आम्ही पहिल्याच दिवशी गरम विटेचा शेक दिला होता आणि सूज दुप्पट झाली. शेक तिसऱ्या दिवसापासून, तोही आपल्या मनगटाला सोसेल इतकाच. डॉक्टर बऱ्याचदा मॅग्नेशियम सल्फेट आणि ग्लिसरीनचा लेप देतात. लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं, तसंच काहीसं तो लेप सुजेतल्या पाण्याचं करतो. पण कातडी शाबूत असेल तरच. उघड्या जखमेवर तो नको.

सूज काही तासांतच पाण्याच्या फुग्यासारखी डबडबली, तर आत रक्त साठलेलं असू शकतं. इथे सगळ्यात मोठी चूक होते. कोणीतरी म्हणतं, 'पाणी झालंय, काढून टाका,' आणि ब्लेड चालवतं. आतली फुटलेली नळी अजून मिटलेली नसते, रक्त थांबत नाही, वर माश्या नि घाण आत जाते. डॉक्टर सुई घालून आधी बघतात की आत रक्त आहे, पाणी आहे की पू. रक्तगाठ असेल तर साधारण आठ-दहा दिवस थांबून मगच उघडतात. पू असेल तर गाठ पिकू देतात आणि खालच्या बाजूला चीर देतात, म्हणजे सगळा पू वाहून जातो. जुन्या आवाळूला आयोडीनचं मलम महिना-महिना चोळावं लागतं, कधी शस्त्रक्रियेने गाठ काढावी लागते.

कातडी फुटलीच असेल तर भोवतालचे केस कापून, उकळून कोमट केलेल्या लिटरभर पाण्यात ९ ग्रॅम, म्हणजे चहाचा दीड चमचा मीठ घालून जखम धुवावी. मग पोव्हिडोन आयोडीन पातळ करून. पावसाळ्यात माशी बसू देऊ नये, अळ्या एका दिवसात पडतात. अळ्या पडल्या तर टर्पेंटाइनचा बोळा थोडा वेळ लावला की त्या वर येतात, पण त्या सगळ्या चिमट्याने वेचून काढणं डॉक्टरवर सोडलेलं बरं. गावात दवाखाना लांब असेल तर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा फुकटचा क्रमांक आहे.

आणि काय करू नये? बिब्बा, चुना, गाडीचं जळकं ऑइल, सेलातली काळी पूड, यांतलं काहीही नको. बिब्ब्याने कातडी भाजते, एका जखमेच्या दोन होतात. डाग देण्याबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं, कारण 'डाग दिला नि बैल बरा झाला' असं शपथेवर सांगणारे लोक खोटं बोलत नसतात. बैल खरंच बरा होतो. पण डागलेल्या मानेवर पंधरा-वीस दिवस कोणी जू ठेवत नाही. बरं करते ती ती सुट्टी, आणि श्रेय जातं तापलेल्या सळईला. सळई वगळून नुसती सुट्टी द्यावी, गुण तोच येतो.

एक इंजेक्शन आणि गिधाडं

दुखणं नि सूज कमी करायला डॉक्टर इंजेक्शन देतात. इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण मेडिकलमधून माणसाच्या गोळ्या आणून बैलाला चारणारे मी पाहिलेत. डायक्लोफेनॅक हे औषध जनावरांना द्यायला भारतात २००६ पासून बंदी आहे. ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं तर त्यांची मूत्रपिंडं निकामी होऊन ती मरतात. आपल्याकडची गिधाडं नाहीशी व्हायला मोठं कारण हेच होतं. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅकवरही जनावरांसाठी बंदी आली, पाठोपाठ निमेसुलाइडवर. मेलॉक्झिकॅम हे औषध गिधाडांना सुरक्षित आहे आणि बैलाच्या सुजेवर चांगलं चालतं. ढोरं टाकायच्या जागेवर पूर्वी गिधाडांची पंगत बसायची, आता तिथे कुत्री असतात. बैलाच्या खांद्याचा आणि त्या रिकाम्या आभाळाचा असाही संबंध आहे.

लम्पी तर नाही ना?

२०२२ मध्ये लम्पीची साथ आली तेव्हा आपल्या जळगाव जिल्ह्याने तिची झळ आधीच सोसली. तेव्हापासून मानेवर गाठ दिसली की लोक घाबरतात. ओळख सोपी आहे. लम्पीत ताप येतो, जनावर चारा सोडतं आणि गाठी मान, पाठ, पाय, कास अशा अंगभर उठतात. खांदेसूज जुवाच्या जागेवरच असते आणि बैल चारा खात असतो. तरी शंका असेल तर बैल वेगळा बांधून डॉक्टरला दाखवावा, यात कमीपणा नाही.

"मग पेरणी थांबवू का?"

हा प्रश्न सगळ्यात खरा आहे. वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, चार दिवसांचा असतो आणि तो निघून गेला की कोणी परत आणून देत नाही. मी शेतकऱ्याला 'बैलाची दया करा' असं सांगत नाही, हिशोब करा म्हणतो. सूज पहिल्या दिवशी ओळखली तर आठ-दहा दिवसांची सुट्टी पुरू शकते. तेवढ्यापुरती सावडीने, म्हणजे कामाच्या अदलाबदलीत, दुसऱ्याची जोडी घेता येते, नाहीतर भाड्याचा ट्रॅक्टर. तीच सूज घेऊन पेरणी उरकली तर खांदा फुटतो, आणि पुढे कोळपणीचा सबंध हंगाम बैल खुंट्याला. बाजारात खांदा फुटलेल्या बैलाला गिऱ्हाईक निम्म्यानेही मागत नाही, हे कोणाला सांगायला नको.

कायदाही आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात, जखम किंवा दुखण्यामुळे कामाला अयोग्य असलेल्या जनावराला कामाला लावणं हा गुन्हा धरलाय. १९६५ च्या नियमांत ओझ्याच्या आणि ओढीच्या जनावरांच्या कामाचे तासही ठरवलेत. दिवसाला एकूण नऊ तासांपेक्षा जास्त नाही, विश्रांतीशिवाय सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही, आणि तापमान ३७ अंशांच्या वर जातं तिथे दुपारी १२ ते ३ काम नाही. आपल्या खानदेशात मार्च संपता संपताच ३७ मागे पडतं. हे नियम कोणी दारावर येऊन तपासत नाही हेही खरंच. पण दुपारी बैल झाडाखाली बांधायची रीत नियमाच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे आहे.

"ट्रॅक्टरच्या जमान्यात हे कशाला?"

कारण उभ्या कपाशीत कोळपं अजूनही बैलच ओढतो. कारण दोन-तीन एकरांच्या तुकड्यावर, सातपुड्याच्या उतारावर ट्रॅक्टर परवडत नाही, कधी वळतही नाही. आणि कारण चाळीसगाव-पारोळ्याकडचे कोयते, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या जोड्या, दिवाळीच्या सुमारास टायरगाड्या घेऊन उसाला जातात. टायर आल्याने गाडी हलकी चालते हे खरं. पण जी बचत बैलाच्या वाट्याला यायची, ती वाढीव मालाने खाल्ली. दीड-दोन टन ऊस भरलेली गाडी उताराला लागली की ती बैलाला मागून ढकलते, जू वशिंडावरून सुटून मानेवर पुढे सरकतं, आणि ब्रेक नसलेल्या गाडीचा ब्रेक म्हणजे बैलाची मान. २०२२ मध्ये इस्लामपूरच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी जुवाखाली आधाराचं एक चाक बसवलेली गाडी दाखवली, तिचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले असतील. ते चाक मानेवर खाली येणारं वजन उचलतं. ओढ मात्र बैलालाच द्यावी लागते, म्हणजे जुवाचं पोट तिथेही नीटच हवं. सुधारित जुवांवर भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेत काम झालंय. ते गावच्या सुतारापर्यंत फारसं पोचलं नाही, हे दुखणं वेगळंच.

गाढवांचं तर नावच कोणी घेत नाही. नदीकाठच्या वीटभट्ट्यांवर गाढवाच्या पाठीवर जे असतं ते बघितलं की १९६५ च्या नियमातला ५० किलोचा आकडा थट्टा वाटतो. तिथेही शास्त्र तेच आहे. कण्याच्या मणक्यावर थेट भार नको, तो दोन्ही बाजूंच्या फासळ्यांवर पसरावा, पाठीवरचं पोतं रोज झटकावं. त्यावर वेगळं लिहायला हवं.

परत जुंपताना

जखम भरली, खपली पडली म्हणजे खांदा तयार झाला असं नाही. नवी कातडी कागदासारखी पातळ असते. केस उगवायला लागले, दाबल्यावर बैलाने कातडी हलवली नाही, की मग घडवलेलं जू, पहिल्या दिवशी अर्धा तास, रिकामं. दुसऱ्या दिवशी सकाळी मान बघायची. गरम नसेल तर पुढे. आमच्या बैलाला असं पूर्ण कामावर यायला आणखी तीन आठवडे लागले, आणि वडील त्या तीन आठवड्यांत माझ्यावर रोज चिडत होते, कारण गेरूची वाटी मी गोठ्यातून हलू देत नव्हतो.

यंदा खांदेमळणीला लोणी चोळताना दोन्ही मानांवर अंगठा जरा जोर देऊन फिरवा. वशिंडाच्या पुढून सुरू करून शिंगांच्या मुळापर्यंत, मग सापतीच्या जागेवर गळ्याखाली. कुठे ऊब लागली, कुठे कातडी थरथरली, कुठे केस उलटे दिसले, तर ती जागा हळदीनेच खूण करून ठेवा. पोळ्याला जू तसंही बंद असतं. त्या दिवशी सुतार बहुधा घरीच सापडतो.